दाबू का वं?

मलकापुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं लग्नपत्रिकांचं दुकान. टायपिंग माझं, आणि तोंडाचं सगळं काम आमच्या ह्यांचं. म्हणजे कोणत्या काकाचं नाव वर आणि कोणत्या मामाचं खाली, यावरची भांडणं मिटवणं आणि मधेच चहा मागवणं. पत्रिका करायला अख्खं घर यायचं आणि माझ्या पाठीशी उभं राहून माना वाकवायचं. मला त्याचा भारी राग यायचा. आज तीच गर्दी आठवली की जीव कासावीस होतो.

तेव्हा लाइटचा काही नेम नसे. आणि कॉम्प्युटरमधलं आमचं जुनं सॉफ्टवेअर असं, की सांगितल्याशिवाय काही लक्षात ठेवायचं नाही. सेव्ह करायच्या आधी लाइन गेली की पहिले पाढे पंचावन्न. एकदा वरवट बकालचे एक चाचा मुलीच्या लग्नाची मराठी पत्रिका करायला आले होते. नावं संपत आली आणि पडदा काळा.

"ताई, लाइनीसंगं आमचे सारे मामू गेले!" चाचा म्हणाले, आणि सगळं दुकान हसलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी माझ्या शेजारी स्टूल आणून टाकलं. माझे दोन्ही हात अक्षरांवर, ह्यांचं बोट सेव्हवर. दर ओळीला विचारायचे, "दाबू का वं?" चुकीचं काही कायम व्हायला नको, म्हणून मी हाव म्हटल्याशिवाय दाबत नसत. मी कधीकधी मुद्दाम गप्प बसायची. मग बोट तसंच अधांतरी, आणि हे माझ्या तोंडाकडे बघत.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीनं मग ते जुनं सॉफ्टवेअर बंद करायला लावलं. आता पत्रिका इंटरनेटवर, ब्राउझरमध्येच होते. सोय आहे, खोटं कशाला बोलू? लाइन गेली तरी लिहिलेलं जात नाही. गिऱ्हाईक घरी बसून मोबाइलवर पत्रिका उघडतं आणि मामाला स्वतःच वर-खाली करतं. दुकानात कोणी येत नाही. स्टूल मात्र मी हलवलेलं नाही. त्यावर साधा कागदही ठेवू देत नाही.

परवा मुलीच्याच लग्नाची पत्रिका करायला घेतली. तीही पुण्यात तेच पान उघडून फोनवर होती. देवांची नावं झाली, मुहूर्त झाला, मुलाकडचे झाले. मग आमची ओळ आली. ह्यांचं नाव लिहिलं. आता त्याच्या आधी 'कै.' लिहायचं होतं. लोकांच्या पत्रिकांत मी ते डोळे मिटून लिहिलेलं आहे. या वेळी बोटं चालेनात. शेवटी लिहिलं, आणि सवयीनं हात थांबवून स्टुलाकडे पाहिलं.

कोणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी हाव म्हटलंच नसतं. जन्मभर गप्प बसले असते.

पुन्हा पडद्याकडे वळले, तर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं आली होती: जतन झाले.

"थांबली काऊन वं आई?" मुलीनं फोनवर विचारलं.

"सेव्ह कराचं राह्यलं."

"आई, ते आपोआपच होते आता."

"हाव," मी म्हटलं. "झालं ते."