मॉड्यूलमधल्या सात फायली

आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या मशीनसाठी मी जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सॉफ्टवेअर लिहिलं होतं. मशीनने सूचना बोलून द्यायच्या होत्या. सात सूचना. त्या माझ्या बायकोने रेकॉर्डिंगसाठी वाचल्या, अंबरनाथच्या आमच्या घरी, पंखा बंद करून, घामाघूम होत. "थांबा. आधी हात बाहेर काढा," हे वाक्य तिने चारदा म्हटलं, कारण तिसऱ्या वेळी खाली भंगारवाला ओरडला.

ऑपरेटर मला चिडवायचे. "सर, मॅडम घरीपण असंच थांबवतात काय?"

"घरी मशीन चालूच होत नाही," मी म्हणायचो.

पुढे ती आजारी पडली. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात तिच्या कॉटशेजारी बसून मी नवी आवृत्ती करत होतो. सलग प्रोग्रॅम फोडून त्याची वेगवेगळी मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्र भाग, करायची आणि आवाजाच्या फायली एका मॉड्यूलमध्ये बांधायच्या. त्याच फोल्डरात मजकुराची एक फाईल होती. प्रोग्रॅमच्या बांधणीच्या वेळी तिच्यात आवृत्तीचा क्रमांक आपोआप भरला जावा, अशी सोय मी केली. बायको झोपलेली, म्हणून लॅपटॉपचा आवाज बंद होता. फायली मॉड्यूलमध्ये गेल्या एवढं पाहिलं आणि जागा हवी म्हणून मूळ फायली पुसल्या. माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती. आत आहेतच की, असं वाटलं.

ती गेल्यावर काही महिन्यांनी कारखान्यातला जुना कॉम्प्युटर जुन्या आवृत्तीसकट मोडीत निघाला. नव्यावर नवी आवृत्ती चढली. सुपरवायझरचा फोन आला, "सर, मशीन मुकं झालंय."

पहिलं कारण लवकर सापडलं. मॉड्यूल आपल्या पॅकेजमधल्या, म्हणजे आतल्या फोल्डरातल्या, फायली दुसऱ्या मॉड्यूलला आपणहून देत नाही. ते पॅकेज उघडं आहे असं जाहीर करावं लागतं. मी केलं नव्हतं. त्यामुळे फाईल मागितली की अशी फाईलच नाही, असं उत्तर येई. प्रोग्रॅम सुरू करतानाच ते पॅकेज उघडायला सांगितलं आणि सातही फायली हाती आल्या. हेडफोन लावले. प्लेअर त्या उघडेना. जबरदस्तीने वाजवल्या तर नुसती खरखर.

क्रमांक भरण्याची सोय फोल्डरातल्या सगळ्याच फायलींना लागू झाली होती. आवाजही मजकूर समजून वाचला गेला आणि जे वाचता आलं नाही त्या प्रत्येक जागी एकच ठरावीक चिन्ह बसलं. आधी तिथे काय होतं, हे त्या चिन्हावरून कळत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी दोन आठवडे मी त्या दुरुस्त करत बसलो.

फोनमध्ये तिचा आवाज आहे; लग्नांच्या गोंगाटात "इकडे बघ", "पुरे आता", एवढाच. सलग, सावकाश ती फक्त त्या सात फायलींत बोलली होती.

"सर, मशीनला आवाज तर पाहिजे," सुपरवायझर म्हणाला. "माझी मुलगी वाचेल. स्पष्ट बोलते ती."

मी हो म्हणालो. मुलीने नेटकं वाचलं होतं. फायलींची नावं तीच ठेवणं भाग होतं, प्रोग्रॅम त्याच नावांनी मागतो. खरखरीच्या फायली मी मॉड्यूलमधून काढून जुन्या फोल्डरात ठेवल्या होत्या. मुलीच्या फायली तिथेच टाकायला गेलो, तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं, या नावांच्या फायली आहेत, त्या बदलायच्या का?

सुपरवायझर फोनवर थांबला होता. "झालं का सर?"

"होतंय," मी म्हणालो.