जुनंच बरं म्हणणारा चोपदार

न्युमेरियस पेत्तियस हा एकटा माणूस म्हणजे सबंध कुरिया होता. हे सांगितलं की परगावचे लोक हसतात, म्हणून आधी तेवढं उरकून घेतो.

फार पूर्वी, राजे होते तेव्हा, रोमची माणसं तीस कुरियांत वाटलेली होती. कुरिया म्हणजे घराण्यांचा घोळका. प्रत्येकीची चूल वेगळी, पुजारी वेगळा, भांडणं तेवढी सामाईक. कोणाच्या हाती सत्ता द्यायची ते या तिसांनी पटांगणात जमून ठरवायचं. पुढे राजे हाकलले, दरवर्षी दोन कॉन्सल निवडायची पद्धत आली, निवडणूक दुसऱ्या सभेकडे गेली. पण आमच्या रोममध्ये जुनी वस्तू कोणी टाकून देत नाही. ती माळ्यावर ठेवतात आणि वर्षातून एकदा खाली काढून पुसतात. त्यामुळे लोकांनी कॉन्सल निवडला तरी तीस कुरियांनी होकार दिल्याशिवाय त्याचा अधिकार पक्का होत नाही, हे तसंच राहिलं. लोकांना मात्र यायचा कंटाळा आला. जानेवारीच्या थंडीत पटांगणात कोण कुडकुडणार? मग प्रत्येक कुरियाच्या वतीने तिचा चोपदार यायला लागला. तीस चोपदार ओळीत उभे राहिले की रोमची जनता उभी राहिली, असं धरून चालायचं. मी तितिया कुरिया होतो. माझ्या डाव्या हाताला पेत्तियस, तो फाउकिया.

फाउकियाचं नाव वाईट. मतदानाआधी पाण्याच्या घागरीतून लाकडी गोटी काढतात, जिचं नाव निघेल ती कुरिया पहिली बोलते. फाउकिया पहिली आली आणि त्याच वर्षी गॉल लोकांनी शहर जाळलं. पुन्हा पहिली आली, त्या वर्षी आपलं अख्खं सैन्य शत्रूपुढे मान वाकवून जोखडाखालून गेलं. सेनापतींनी काय दिवे लावले ते कोणी काढत नाही, दोष गोटीचा. म्हणून फाउकियाची काठी हातात धरायला कोणी तयार नसे. पेत्तियसला ती मिळाली, कारण वाटपाच्या दिवशी बाकीचे सगळे आजारी पडले.

एरवी तो आव्हेंटाइन टेकडीच्या उतारावर खेचरांची खोगिरं शिवायचा. बुटका, जाड बोटांचा, पोटाने नाजूक. कोणी मोठ्याने बोललं की ह्याच्या आतड्यात गुरगुरायला लागायचं. पटांगणात आमचं काम एकच होतं. कॉन्सल विचारणार, "मला अधिकार देता का?" आणि आपण म्हणायचं, "तुम्ही म्हणाल तसं." नकार द्यायचा असला तर त्याचेही शब्द ठरलेले होते, "जुनंच बरं." ते आम्ही शिकलो होतो, पण कधी कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

घरी त्याच्या या थोरवीचं फारसं कौतुक नव्हतं. बायको मुनातिया. तिची जीभ दगडावर घासून धार लावल्यासारखी होती. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक कारंजं होतं, त्यावर सगळ्या गल्लीचं पाणी चालायचं. त्याची शिशाची नळी फुटली आणि कारंजं कोरडं पडलं. मग बायांना हंडे घेऊन पार नदीकडच्या बाजारापर्यंत उतरावं लागे आणि भरलेले हंडे घेऊन पुन्हा चढावं लागे.

"अहो," ती म्हणायची, "तुमच्यात म्हणे हजारो माणसं आहेत. त्यातली दोन रिकामी असली तर पाण्याला पाठवा ना."

त्यावर पेत्तियस टाका घालत राही.

त्याच उन्हाळ्यात ग्नेयस तुरानियस नावाचा बडा माणूस कॉन्सलच्या निवडणुकीला उभा राहिला. अंगाभोवती गुंडाळलेला, खडूने पांढराफटक केलेला टोगा, मागे माणसांची पलटण, आणि कानाशी नावं सांगणारा गुलाम. मतांसाठी तो गल्लोगल्ली हात हातात घेत फिरत होता. पेत्तियसच्या दुकानाशी आला. गुलाम कानात काहीतरी पुटपुटला आणि तुरानियसने पेत्तियसचे दोन्ही हात धरले.

"प्लेटोरियस, मित्रा, घरी सगळे बरे ना?"

"पेत्तियस," पेत्तियस म्हणाला.

"तेही बरे ना?"

मुनातिया पुढे आली. "सगळे बरे आहेत, पाणी नाही. ते कारंजं बघा."

तुरानियसने कारंजं बघितलं, मान हलवली, छातीवर हात ठेवला. "निवडून आल्यावर पहिलं काम हे."

गल्लीने त्याला मतं दिली. तो निवडून आला. थोड्या दिवसांनी मजूर आले, गल्लीतली नळी उकरली, आणि बाया टाळ्या पिटत असताना ती उचलून गाडीत घालून घेऊन गेले. तुरानियसच्या टेकडीवरच्या घरी नवं न्हाणीघर बांधायचं होतं. शिसं चांगलं होतं म्हणे.

मुनातिया त्या दिवशी नवऱ्याला काही बोलली नाही. पेत्तियसला तेच झेपेना. रोज टोचणारी बाई गप्प राहते म्हणजे काय, असं म्हणत तो माझ्याकडे येऊन बसला आणि माझे उकडलेले हरभरे संपवून गेला.

जानेवारी उजाडला. पटांगणात आम्ही तीसजण ओळीत. समोर चौथऱ्यावर नवा कॉन्सल तुरानियस, शेजारी शकुनबुवा. सरकारी काम सुरू करायचं की नाही हे आमच्याकडे पक्षी आणि वीज ठरवतात, आणि त्यांची भाषा फक्त शकुनबुवांना कळते. घागर आणली. गोटी काढली. दवंडीवाल्याने वाचली आणि त्याचा आवाज मध्येच बसला.

"फाउकिया."

पेत्तियस ओळीतून एक पाऊल पुढे झाला.

शकुनबुवा कॉन्सलकडे वळले. "आजच्या दिवस राहू दे. पूर्वी असं झालं तेव्हा शहाण्या माणसांनी दिवस बदललाय."

"मला घाई आहे," तुरानियस म्हणाला. "शहर मागेच एकदा जळून गेलंय, आता काय ते पुन्हापुन्हा जळणार का? विचारा त्याला."

विचारलं. पेत्तियसने काठी दोन्ही हातांनी धरली, घसा साफ केला आणि म्हणाला, "जुनंच बरं."

पटांगणाच्या कडेला मासे विकणाऱ्यांचा कलकलाट चालला होता, तोही थांबला. मतं टिपणारा कारकून हातातली लेखणी तशीच धरून बसला. ही खूण कुठे करायची ते त्याला ठाऊक नव्हतं.

"त्याला प्रश्न ऐकू आला नाही," तुरानियस म्हणाला. "परत विचारा."

"ऐकू आला," पेत्तियस म्हणाला. "जुनंच बरं."

एकाच्या नकाराने काही बिघडणार नव्हतं. तिसात एक. कॉन्सलही हसला, पुढचा बोलवा म्हणाला. पुढची गोटी निघाली राप्ता कुरियाची. राप्ताचा चोपदार मुस्सिडियस ठार बहिरा. गेली कित्येक वर्षं तो आधीच्याच्या ओठांकडे बघायचा आणि तेच म्हणायचा. त्याने पेत्तियसच्या ओठांकडे बघितलं होतं.

"जुनंच बरं," मुस्सिडियस खणखणीत म्हणाला.

तिसरा घाबरट होता. त्याने पहिल्या दोघांना बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर मला सरळ वाचता आलं की, आतून काहीतरी ठरलंय आणि आपल्याला निरोप मिळालेला नाही. निरोप मिळाला नाही हे कळू नये म्हणून तो दोघांपेक्षा मोठ्याने म्हणाला, "जुनंच बरं." चौथ्याने तिसऱ्याचा आवाज ऐकला आणि त्याची खात्रीच पटली. सिनेटमध्येही बहुतेक ठराव असेच होतात, फक्त तिथे बसायला बाक असतात.

माझी गोटी आली तोवर मासेवाले, हमाल, देवळात निघालेल्या बाया असे सगळे कडेला गोळा झाले होते. मीही तेच म्हणालो. उगीच खोटं का बोलू, म्हणायला फार गोड लागतं. वर्षानुवर्षं मऊ लापशी गिळावी आणि एकदम कच्ची मुळी दाताखाली यावी तसं.

तुरानियसचा रंग त्याच्या टोग्याइतका पांढरा झाला. सोळा नकार झाले की विषय संपला, आणि आम्ही तिथे पोचत आलो होतो. तेवढ्यात शकुनबुवांनी हात वर केला.

"गडगडाट," ते म्हणाले.

सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ धुतल्या परातीसारखं लख्ख होतं.

"मला तर काही ऐकू आलं नाही," मुस्सिडियस म्हणाला, पण त्याचं कोण धरतो.

"डावीकडून," शकुनबुवांनी खुलासा केला. "सभा दुसऱ्या दिवशी." ज्या देवांना कॉन्सल घटकेपूर्वी गप्प बसवत होता, त्यांचे त्याने तिथल्या तिथे आभार मानले.

दुपारी त्याचा कारभारी आव्हेंटाइनवर आला. मी तिथेच होतो, कारण पेत्तियस अंथरुणावर पोट धरून पडला होता आणि मला सोबतीला बोलावलं होतं. कारभाऱ्याने दारूचा बुधला खाली ठेवला.

"बाबा, कोणी फितवलं तुला? दुसऱ्या कॉन्सलने? त्याचं काय घेतलंस?"

"कोणी नाही."

"मग तुला पाहिजे काय?"

"नळी."

कारभाऱ्याला ते कळायला वेळ लागला. "एवढंच? मग आधी सांगायचं होतं."

"हात हातात घेऊन सांगितलं होतं," आतून मुनातिया म्हणाली.

कारभारी आवाज चढवून म्हणाला की चोपदार बदलता येतो. पेत्तियस अंथरुणातूनच म्हणाला, "बदला. काठी कोपऱ्यात आहे, घेऊन जा." कारभाऱ्याने कोपऱ्याकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला. ती काठी तोही घरी न्यायला तयार नव्हता.

मग तो नरमला. उद्या सभेत हो म्हणा, महिन्याभरात पाणी येईल.

मुनातिया हात पुसत बाहेर आली. "आधी पाणी येऊ दे, मग अधिकार. आणि नुसतं ह्यांच्याशी ठरवून जाऊ नका. बाकीच्या चोपदारांच्या बायकाही त्याच चढाने हंडे आणतात."

हे खरं नव्हतं. निम्मे तर टेकडीच्या पलीकडे राहायचे. पण कारभाऱ्याला कुठे माहीत.

त्यानंतर शकुनबुवांना रोज सकाळी गडगडाट ऐकू येत राहिला, आणि तोपर्यंत गल्लीत मजूर खपत राहिले. मुनातिया त्यांच्या डोक्यावर उभी. नळी नवी घातली, जुनी न्हाणीघरातच राहिली. कारंज्याच्या दगडी तोंडातून पाणी आलं तेव्हा पहिला हंडा तिने भरला आणि पालथा करून परत भरला, कारण पहिल्यात गाळ आला होता. दुसऱ्या दिवशी देव शांत झाले. सभा भरली. या खेपेस फाउकियाची गोटी सगळ्यात शेवटी निघाली, ती घागरीच्या तळाशी कशाने चिकटली होती याची चौकशी कोणी केली नाही. आम्ही सगळे "तुम्ही म्हणाल तसं" म्हणालो. पेत्तियसही म्हणाला, आणि मुस्सिडियसने कोणाच्या तरी ओठांकडे बघून म्हटलं.

कारंज्यावर पाटी बसली, कॉन्सल ग्नेयस तुरानियसने स्वखुशीने जनतेला अर्पण. मी ती वाचून दाखवली.

"ह्यांचं नाव कुठे आहे?" मुनातियाने विचारलं.

"नाहीये."

"बरं झालं. पुढच्या वेळी फुटलं की लोक आमच्या दारात आले असते."

पुढची बरीच वर्षं पेत्तियसने पटांगणात मुकाट होकार दिला. पण जानेवारी जवळ आला की नवे कॉन्सल मुद्दाम त्याच्या दुकानावरून जात आणि त्याचं नाव अचूक घेत. त्या दिवसांत त्याचं पोट हटकून बिघडायचं. शेवटी डोळे अधू झाले, सुईत दोरा जाईना, तेव्हा त्याने खोगिरं आणि चोपदारकी दोन्ही सोडली आणि मुनातियाच्या माहेरी, तिबुरला जाऊन राहिला.

मी एकदा भेटायला गेलो. कोबीच्या वाफ्यात उकिडवा बसला होता, रंग सुधारला होता, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी एका बकरीवरून हुज्जत चालू होती. आम्ही ओसरीवर बसून चीज-भाकर खाल्ली.

"इथे निवडणुका नसतात का रे?" मी विचारलं.

"असतात की. दरवर्षी असतात."

"मग तू काय करतोस?"

"मी कोबीला पाणी घालतो," पेत्तियस म्हणाला. "उमेदवार घरी आला की त्याच्याशी मुनातिया बोलते. त्यामुळे हल्ली कोणी येत नाही."