येते म्हण, आक्का

इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहाबरोबर, टाइमपास म्हणून वाचत आले. कुणी लिहिलं की अमुक वळणावर बाई दिसली, की माझ्या मनात पहिला प्रश्न यायचा — तुलनेला कंट्रोल ग्रुप कुठाय? सवयच आहे हो ती. मी फार्माकॉलॉजीत पीएचडी करते. आमच्या नातेवाइकांच्या मते हा मेडिकल दुकान टाकायचा लांबलेला कोर्स आहे. असो. सांगायचं एवढंच, की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता... आणि आजही आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आम्ही भोरचे. आईची थोरली बहीण, माझी मावशी, वेल्ह्याच्या पुढे तोरण्याच्या बाजूला एका वाडीत एकटी राहायची. वाडीचं नाव देत नाही, माणसं ओळखीची आहेत. दोन खोल्यांचं विटांचं घर, वर पत्रा, दारही पत्र्याचंच. जन्मभर चुलीपुढे बसून तिची फुप्फुसं कडक होत गेली. डॉक्टरांनी फायब्रोसिस म्हणून सांगितलं. शेवटची दोन वर्षं ती नाकात नळी घालून ऑक्सिजनच्या मशीनला बांधलेली होती. नळी पुरेल तेवढंच तिचं जग — खाट, मोरी आणि उंबरा.

माझा विषयही तोच, आणि तो तिच्यामुळेच घेतला. एकदा तिने विचारलं, "तू करतीस तरी काय गं... त्या कालेजात?"

मी सांगितलं, की फुप्फुसाला इजा झाली की दुरुस्तीला काही पेशी येतात, जखमेवर धागे विणतात. काम संपलं की त्यांना आतून निरोप मिळतो, की आता मरा, आणि त्या निमूट मरतात. या आजारात त्या मरतच नाहीत. विणतच राहतात, आणि फुप्फुस आवळत जातं.

"म्हंजी गवंडी... घर बांधून गेलाच न्हाई. हितंच ऱ्हायला," मावशी म्हणाली. तिला एका दमात तीनचार शब्दच जमायचे. "मंग त्येला... जा म्हनायचं न्हाई व्हय कुनी?"

"तो 'जा' कुठे अडकतो, तेच शोधतेय."

"एक जा म्हनायला... एवढी वर्सं?" म्हणून ती हसली, आणि हसण्याने तिला ढास लागली.

मागच्या हिवाळ्यात तिचं फारच वाढलं. भोरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. आमच्या ओळखीचे अस्लमभाई टेम्पो घेऊन आले. त्यांनी आणि मी मावशीला खुर्चीवर बसवून उचललं. उंबऱ्यापाशी तिने थांबायला सांगितलं. चौकटीवरून हात फिरवला आणि घराला म्हणाली, "जाते गं बाय आता."

आई एकदम खेकसली. "आक्का! असलं अभद्र बोलू नये. येते म्हन!"

आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, तुमच्याकडेही नसतील. मावशीने आईकडे पाहिलं. खूप थकलेली होती ती. "जाऊ दे की गं," म्हणाली. पण आई हटेना, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "न्हाई, येते म्हन आधी."

"बरं... येते," मावशी म्हणाली.

दवाखान्यातून ती परत आली नाही. तेरावं झालं, घराला कुलूप लागलं.

उन्हाळ्यात किकवीहून फोन आला. आईच्या ओळखीतले एक निवृत्त मास्तर, अण्णा, त्यांनाही हाच आजार. संध्याकाळी त्यांना दवाखान्यातून घरी आणणार होते आणि ठरलेलं मशीन ऐनवेळी मिळालं नव्हतं. मशीन नसेल तर घरी आणून उपयोग नाही आणि तिकडे बेड रिकामा करायला सांगितलेला. मावशीचं मशीन पडून होतंच. मी आणि अस्लमभाई दुपारचं जेवण उरकून नसरापूरमार्गे वेल्ह्याला निघालो.

कुलूप मीच काढलं. शेजारच्या कोंबड्या आत घुसायला लागल्या म्हणून दार नुसतं लोटून घेतलं, कडी लावली नाही. मशीनची नळी गुंडाळली, त्याची पाण्याची बाटली पुसून पिशवीत टाकली आणि दार ओढलं... दार हलेना.

"अस्लमभाई, जरा ढकला हो बाहेरून."

"आतनं कडी काढ की पोरी!"

"कडी घातलेलीच नाहीये!"

त्यांनी खांदा लावला, लाथ मारली. पत्र्याचं ते दार, नुसतं दणाणलं. खिडकीला गज. माझ्या मोबाईलला रेंज नाही. त्यांचा मात्र फोन वाजला — किकवीवाले विचारत होते, निघालात का. "पहार बगतो कुनाकडं," म्हणून अस्लमभाई गेले.

मग मला दम लागायला लागला. आधी वाटलं, उकाडा. पण छाती भरेचना. श्वास अर्ध्यावर येऊन अडायचा. अस्लमभाईंना हाक मारायला गेले तर तोंडातून तीनचार शब्द आले आणि पुढचे आलेच नाहीत. तेव्हा मी घाबरले. लिहायला लाज वाटत नाही, मी दारावर नखं घासली.

मावशीचं बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र पिशवीत होतं. लावलं बोटाला. आकडा मावशीचा होता. तिच्या वाईट दिवसांतला.

मी खाटेवर बसले. नळी पुरेल तेवढंच जग. आणि ते मला आठवलं — उंबऱ्यावरचा हात, आणि "बरं... येते."

ती आली होती. आम्ही सांगितलं म्हणून आली होती बिचारी, आणि परत या खोलीत, परत तोच अडलेला श्वास घेत बसली होती. कुणी जा म्हणालंच नव्हतं.

माझी भीती कुठल्या कुठे गेली आणि मला रडू फुटलं. प्रेमाच्या माणसाला जा म्हणणं किती कठीण असतं हो... जीभ वळेना. तुटक तुटक बोलले, "मावशी... आलीस ना. झालं. आता जा. आईला... मी सांभाळते. तू जा."

बाहेर काही आवाज झाला नाही. दार हातभर आत आलं आणि फटीतून एक कोंबडी शिरली. तिच्या मागे अंगणात अस्लमभाई, खांद्यावर पहार, अजून दारापासून लांब.

"उगडलं व्हय?" ते म्हणाले. माझं तोंड पाहिलं आणि सरळ आत आले. मशीन उचललं. अण्णा घरी पोचायच्या आधी ते किकवीत लागलं होतं.

नंतर मी सगळं ताडून पाहिलं. उन्हाने पत्रा फुगला म्हणावं, तर अस्लमभाईंच्या खांद्याला न हललेलं दार कोंबडीने ढकललं? घाबरून धाप लागली म्हणावं, तर तशा धापेने रक्तातला ऑक्सिजन घसरत नाही, हे मी ज्युनिअरना शिकवते. नेलपॉलिशने यंत्र चुकतं म्हणावं, तर ती मी लावत नाही. यंत्र टेम्पोत पुन्हा लावलं, अगदी ठणठणीत आकडा. उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर खरंच सांगा.

आईला यातलं काही बोलले नाही. त्या संध्याकाळी घरी आले तर ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आक्काच्या घराला येते म्हनलीस ना गं निघताना?"

मी हो म्हणाले.