पहिल्या सोलोत स्टिक कोणी हलवली?

आधीच सांगते, भूतखेत, उतारे, अंगात येणं यांतलं काही मी मानत नाही. हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. ज्यांना 'आत्माच होता तो' असं म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणा… मी वाद घालायला बसलेच आहे.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. शहराबाहेर काटोल रोडला, संत्र्याच्या बागांपलीकडे मुरमाची एक छोटी धावपट्टी होती. एक पत्र्याची शेड आणि शिकायला एकच जुनं, वरून उघडं विमान. पुढच्या सीटवर इन्स्ट्रक्टर, मागे विद्यार्थी. दोघांच्या स्टिक, म्हणजे विमान वळवायचे दांडे, आतून तारांनी जोडलेल्या, एक हलली की दुसरी हलणारच. इंजिनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून आमच्याकडे पद्धत होती — सरांनी स्टिक दोनदा जोरात हलवली की विमान त्यांच्या ताब्यात. आपण लगेच दोन्ही हात वर करून दाखवायचे. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी कोणी खुर्ची हलवली तरी माझे हात वर जायचे.

रामदासपेठेतल्या आमच्या घरात माझ्या या शिकण्यावरून रोज कटकट. शेवटी बाबा म्हणाले, "या महिन्यात एकटीनं उडवून दाखोलं तं शीक पुढं. नाही तं मी स्थळं पाहूनच राहिलो."

सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकटीनं उडवायच्या, सकाळी सर विमानातून उतरले. पुढच्या रिकाम्या सीटचे पट्टे स्टिकमध्ये अडकू नयेत म्हणून त्यांनी स्वतः आवळून बांधले आणि ते धावपट्टीच्या कडेला उभे राहिले. मी उडाले, चक्कर मारली, उतरायला लागले. सगळं छान जमत होतं… आणि स्टिक माझ्या हातात दोनदा जोरात हलली.

सवयीनं माझे दोन्ही हात वर गेले.

समोर सीट रिकामी, पट्टे जसेच्या तसे. तरी माझ्या डोळ्यांदेखत थ्रॉटल पुढे सरकला, इंजिन गरजलं आणि विमान न उतरता वर चढलं. भीती वाटली. पण त्याहून जास्त राग आला. माझं लँडिंग होतं ते! मी स्टिक धरली तर ती घट्ट, पलीकडून कोणी धरून ठेवल्यासारखी. मग विद्यार्थ्यानं कधीच करू नये ते मी केलं — मीच ती दोनदा हलवली. स्टिक सैल झाली. पुन्हा चक्कर मारून मी विमान उतरवलं. जरा आपटलं, पण उतरवलं मीच.

सर धावत आले. "हात काहून वर केले होते वं?"

मी खरं तेच सांगितलं. त्यांनी वाकून पुढच्या सीटचे पट्टे ओढून पाहिले, ते तसेच आवळलेले होते.

आमचे मेकॅनिक म्हणाले, "ताई, देवानंच वाचोलं तुमाले."

"कशापासून? धावपट्टी तर मोकळी होती."

ते इंजिन तपासायला वळले. सर एवढंच म्हणाले, "घरी सांगू नको."

मी सांगितलं. का लपवू? बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग तू एकटी कुठं होती? हे नाही चालत."

"मग दुसरं कोण होतं त्याचं नाव सांगा," मी म्हटलं. ते उठून गेले.

वारा, तारांचा पीळ, मनाचे खेळ… सगळी कारणं ऐकून झाली. थ्रॉटल कसा सरकला हे मात्र आजवर कोणी सांगू शकलं नाही, मलाही माहीत नाही. पण जे काही होतं, त्यानं मी मागितल्याबरोबर ताबा सोडला. बाबांकडून तो घ्यायला मला पुढची कित्येक वर्षं भांडावं लागलं.