विकलेला कॅमेरा

लग्नाचे फोटो काढायला मी ज्यांच्याकडं शिकले, त्या सरांचा स्टुडिओ राजारामपुरीत आहे. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढून मी वेगळी झाले आणि हप्त्यांवर मोठा कॅमेरा घेतला. हप्ते फिटले, पण चांगल्या लेन्सपुरतं काही मागं पडेना. आमच्याकडं नवरी तयार होते ती घरातल्या आतल्या खोलीत, एका ट्यूबलाइटखाली. माझ्या साध्या लेन्सनं तिथं चेहरे मातकट यायचे.

मोठा कॅमेरा विकावा, साधा घ्यावा आणि उरलेल्यात दोन लेन्स बसवाव्यात, हे महिनाभर डोक्यात घोळत होतं. नवरा म्हणाला, "लोक कॅमेरा बघतात. लेन्स कोण बघतंय?" शेवटी सरांना विचारलं.

"कॅमेऱ्याची बॉडी दोन वर्षांत जुनी हुतीया की," ते म्हणाले. "लेन्स जन्मभर टिकतीया. बिनधास्त विक. आणि बाहेर कशाला देतीस? मलाच दे."

माझा जीव भांड्यात पडला. कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि वाकून नमस्कारही केला.

नव्या लेन्सनं पहिलं लग्न केलं ते हातकणंगल्याचं. नवरीच्या वडिलांनी माझ्या हाताकडं बघत विचारलं, "एवढाच हाय व्हय कॅमेरा?" मी हसण्यावारी नेलं. फोटो मात्र मनासारखे आले. आरशासमोर बसलेल्या नवरीच्या डोळ्यांखालचं जागरणसुद्धा दिसत होतं. अल्बम बघताना तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटीच्या लग्नालाही तुम्हीच या, म्हणाल्या.

धाकटीचं लग्न ठरल्याचं मला तिसऱ्याकडूनच कळलं. मी फोन केला. नवरीच्या आई अवघडल्या.

"तुमचे सर ह्यांना भेटले होते. म्हणाले, तुमचं काम बसलंय, कॅमेरापण विकावा लागला. ह्यांना वाटलं, ऐन लग्नात घोटाळा नको. सरांनाच सांगितलंय."

मी तडक स्टुडिओत गेले.

"खोटं काय बोललो?" सर शांतपणे म्हणाले. "विकला न्हाईस व्हय?"

"तुम्हीच विकायला सांगितलंत."

"मग चुकीचं सांगितलं? लेन्स वाईट हाय व्हय?"

लेन्स चांगलीच होती. त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात गारगोटीला लग्न हाय. जोडीला माणूस लागंल. येतीस? तुझ्या लेन्स घिऊन ये."

चहा यायच्या आत मी उठले.

त्याला दोन सीझन झाले. लग्नं थोडी येतात. बारशी आणि डोहाळजेवणं जास्त. सर बाजारात समोर दिसले तर मी रस्ता ओलांडते. नवरा म्हणतो, "एक नवा घेऊया की तसलाच." त्याला वाटतं, मी अजून कॅमेऱ्यासाठी कुढते.