उंबऱ्यातली उलटी चप्पल

भूतखेत, नजर, मुहूर्त... यातलं मी कधीच काही मानलं नाही, आजही मानत नाही. त्यामुळे हे इथे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. तरी घडलं तसं सांगते. कारण काय ते तुम्ही ठरवा.

मी नागपुरात, जरीपटक्याच्या बाजूला एका कॉलेजात मराठी लेखन शिकवते. मुलं सगळंच एआयकडून लिहून आणायला लागली, तेव्हा नियम ठरवायचं लोढणं विभागाने माझ्या गळ्यात अडकवलं. मी दोन नियम केले. एरवी मशीनची मदत चालेल, पण तिच्या वाक्याखाली रेघ मारायची. आणि स्वतःच्या घरची आठवण लिहायची असेल तर मशीन अजिबात नाही, वापरलं की नापास.

शीतल नावाची, नागपूरजवळच्या खाप्याची एक मुलगी आईवर लेख घेऊन आली. ती तान्ही असतानाच तिची आई गेली होती. लेख साधा, चांगला होता. फक्त एका वाक्याखाली तिने इमानदारीत रेघ मारली होती. म्हणजे पहिला नियम पाळला आणि दुसरा मोडला! वाक्य असं होतं — ‘बाबा न जेवता निघू नयेत म्हणून आई त्यांची एक चप्पल उंबऱ्यात उलटी करून ठेवायची.’

मला हसूच आलं. उलटी चप्पल दिसली की आपल्याकडे लहान पोरंही धावत जाऊन सरळ करतात, नाहीतर म्हणे घरात भांडण होतं. कुठली बाई मुद्दाम उलटी ठेवेल? मशीनला आपल्या घरातलं काय कळतं, याचा नमुना म्हणून मी ते मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. शीतल नापास ठरली. तिचं वर्ष जाणार होतं, म्हणून वडिलांना बोलावलं.

दुपारी ते आले; शीतलही होतीच. आमच्या विभागातल्या पद्धतीप्रमाणे चप्पल दाराबाहेर काढून आत बसले. मी लेख पुढे केला. त्या रेघेपाशी ते थांबले.

“हे कोनं सांगतलं वं तुले?”

“कोनीच नाई, बाबा. मले आईचं काहीच मालूम नाई, म्हून मशीनले इचारलं. त्यानंच लिहून देल्लं.”

त्यांनी ते वाक्य बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “खरं आहे मॅडम हे. मी डूटीच्या घाईत उपाशी पळत होतो. हिची माय चप्पल उलटी करून ठेवे. सिधी कराले वाकलो का हात पकडे, जेवून जा म्हने.”

तेव्हा ते नवरा-बायको दोघंच मौद्याला भाड्याच्या खोलीत राहत. ती गेल्यावर ते पोरीला घेऊन खाप्याला परतले आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही.

“काहून नाई सांगतलं, बाबा?” शीतलने विचारलं.

“सांगतलं असतं तं रडू आलं असतं.”

मी शीतलला म्हटलं, वडिलांकडून सगळं ऐकून लेख पुन्हा लिही, मी पास करते. नियमात बसत होतं.

पुढे मी मशीनला शीतलच्याच शब्दांत कितीदा तरी विचारून पाहिलं. तुळस येते, अंगाई येते, गरम भाकरी येते... चप्पल एकदाही आली नाही. कॉम्प्युटर शिकवणारे सहकारी म्हणतात, योगायोग. असेलही.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. खाप्याची बस गाठायची म्हणून शीतलचे वडील हात जोडून लगबगीने निघाले आणि दारातच थबकले. त्यांची एक चप्पल उलटी पडली होती. आम्ही तिघंही तोवर आतच होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागला असेल, असं मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते.

ते वाकले. चप्पल सरळ केली, पण पायात घातली नाही. तिथेच पायरीवर बसले.

“शीतल,” ते म्हणाले, “इथं जेवाले कुठं भेटते वं? सकाळपासून काही खाल्लं नाई मी.”