राखफुलाचा रंग

संग्रहालयात सगळे त्याला डिंकभाऊ म्हणायचे. चौतीस वर्षं त्याने एकच काम केलं: डोंगरांवरून आलेली वाळकी झाडं कागदावर चिकटवायची. त्यात सगळ्यात मानाचं राखफूल. विझलेल्या ज्वालामुखीच्या काळ्या मातीत, तेवढ्या एकाच डोंगरावर, वर्षातून तीन आठवडे फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं. कागदात दाबलं की आठवड्यात तपकिरी. सोबतच्या चिठ्ठीवर रंगापुढे नुसतं 'निळा' लिहिलेलं असायचं.

खरं सांगायचं तर गड्याने ते जिवंत कधी पाहिलंच नव्हतं. पण बायकोने रंग विचारल्यावर 'माहीत नाही' म्हणेल तर शपथ! तिला दुकानात नेऊन त्याने ऐटीत एका लोकरीवर बोट ठेवलं. हाच, अगदी हाच.

तिने त्याच्यासाठी त्याच लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. बाई भारी काटेकोर. एक टाका चुकला तरी वीतभर उसवायची, आणि उसवलेली लोकर गुंडाळायला हा समोर दोन्ही हात पसरून बसायचा, बोलणी खात. डाव्या बाहीचं मनगट मात्र तिने मुद्दाम अर्धं ठेवलं. फुलाशी रंग ताडून बघेन, मगच शेवटची गाठ, म्हणाली.

पण फुलाचे दिवस म्हणजे याच्या टेबलावर झाडांचा ढीग. रजा कुठली मिळायला?

"पुढच्या वर्षी जाऊ की," तो दरवर्षी म्हणायचा. "ते काय पळून जातंय?"

फूल कुठे गेलं नाही. गेल्या थंडीत तीच गेली, न्यूमोनियाने, नऊ दिवसांत.

यंदा तो निवृत्त झाला आणि तोच स्वेटर घालून डोंगर चढला. डाव्या बाहीच्या अर्ध्या मनगटाला टाके धरून ठेवणारी तिची पिन तशीच होती. वनरक्षकाने लांबून जागा दाखवली. काळ्या खडीत चार बोटं उंचीचं झाड, त्यावर एकच फूल. कुरकुरणारे गुडघे टेकून त्याने बाही फुलाजवळ नेली. फूल फिकट, जांभळ्याकडे झुकलेलं. स्वेटर भडक निळा. कशाचा कशाला मेळ नाही.

त्याला हसू आलं. घरी जाऊन हे कधी एकदा तिला सांगतो असं झालं, आणि मग आठवलं. तिने काय काय ऐकवलं असतं! ते ऐकायला त्याचा जीव तळमळला.

"चुकला गं रंग," तो म्हणाला. "उसव सगळा."

आणि सवयीने त्याने दोन्ही हात पुढे पसरले.